आंजर्ले ते म्हसवड

दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या खाडीमुखापासून निघावे, सह्याद्रीचा माथा ओलांडून कृष्णेच्या खोऱ्यात उतरावे आणि तेथून माण तालुक्यातील म्हसवड गाठावे, हा प्रवास पक्ष्याच्या उड्डाणाने मोजला तर दोनशे किलोमीटरही भरत नाही. परंतु तेवढ्या टापूत पर्जन्याचे मान ज्या झपाट्याने चढते आणि उतरते, त्याला तोड मिळणे कठीण आहे. दापोलीस वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरी तो साडेपाच ते सहा हजारांच्या घरात जातो. तेथून जेमतेम पाच-सहा कोसांवर असलेल्या पाचगणीस त्याचा तिसरा हिस्सा काय तो पोचतो. पसरणीचा घाट उतरून वाईस यावे तो आठवा हिस्सा उरतो. आणि माणात तर तहसील कचेरीच्या पर्जन्यमापकात वर्षभरात पाचशे मिलिमीटर पाणी जमले, तरी साल बरे गेले असे लोक म्हणतात. भाद्रपद सरता सरता मी ही वाट धरली, ती केवळ झाडे पाहावीत एवढ्याच हेतूने.

ओल्या मुलखात ओली झाडे आणि कोरड्या मुलखात कोरडी, अशी एक ढोबळ विभागणी भूगोलाच्या पाठांनी आपल्या मनात रुजविलेली असते, आणि नकाशावर रंग भरण्यापुरती ती खरीही आहे. पण झाडाजवळ बसून त्याचे पान बोटांत धरले, मूळ उकरून पाहिले आणि ते अमुक एका आकाराचे का, असा प्रश्न केला, की ही विभागणी हळूहळू विरू लागते. समुद्राच्या पाण्यात गुडघाभर उभे असलेले झाड आणि माणच्या माळावर चैत्राच्या उन्हात तापणारे झाड या दोघांपुढील अडचण मुळात एकच आहे, आणि सहा हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारे महाबळेश्वरचे रानसुद्धा त्या अडचणीतून सुटलेले नाही, हे या वाटेवर ज्या स्पष्टपणे दिसते तितके एका जागी बसून दिसत नाही.

आंजर्ल्याच्या खाडीत मी सुकतीच्या वेळी होडी घेतली. भरतीच्या वेळी हिरवा एकजिनसी पट्टा वाटणारे हे रान पाणी ओसरले की आपली अंतर्रचना उघडी करते. पुढच्या अंगाला, जेथे चिखल नुकताच साचून स्थिर होऊ लागला आहे तेथे चिपी आणि तिवर. आत वळणावर, जेथे पाण्याचा जोर कमी आहे तेथे कांदळ. आणि बांधाच्या बाजूला, जेथे भरतीचे पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाखेरीज पोचत नाही तेथे काटेरी पानांची मारांडी. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वीतभर उंचीचे बोटाएवढे शेकडो खुंट सरळ वर आलेले असतात. नवख्याला ते कोवळे रोप वाटतात, पण ती मुळे आहेत. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. जमिनीत मूळ घातलेल्या प्रत्येक झाडाला ते मूळ जिवंत ठेवण्यासाठी श्वास घ्यावाच लागतो. आणि खालून तो मिळत नाही म्हणून तिवराने मुळांची एक शाखा गुरुत्वाकर्षणाच्या नेमाविरुद्ध आकाशाकडे वळविली. कांदळाची तोड निराळी: त्याच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फुटून चिखलात उतरतात, आणि त्यांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात. पर शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ साली कांदळाच्या अमेरिकी भाऊबंदावर प्रयोग केला. त्याने ही छिद्रे वंगण लावून बुजविली, तेव्हा चिखलात रुतलेल्या मुळांमधील प्राणवायूचे प्रमाण झरझर खाली आले. मुळांच्या आतील पोकळ्यांतून हवा खालवर पोचविली जाते, ही गोष्ट त्या प्रयोगाने निर्विवाद ठरविली.

होडी चालविणारे म्हातारबाबा याच खाडीवर वाढलेले. कांदळाच्या फांदीवरून लोंबणारी, हातभर लांबीची, हिरवी, टोकदार शेंग दाखवून ते म्हणाले, ‘भाऊ, हे झाड बी टाकत नाय, पोरच टाकतं.’ वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात ज्याला जरायुजता असे जड नाव दिलेले असते, ते याहून अधिक नेमकेपणाने सांगता येईल असे मला वाटत नाही. ती लांबट वस्तू शेंग नव्हेच. फळातले बी झाडावर असतानाच रुजलेले असते आणि जो भाग लोंबताना दिसतो तो त्या रोपाचा देठ असतो. सुकतीत ते सुटले तर तेथेच चिखलात उभे रुतू शकते. भरतीत सुटले तर तरंगत जाते आणि जेथे टेकेल तेथे मुळे धरते. साध्या बियाणाला खाऱ्या पाण्यात अंकुर फोडताना जी यातना सोसावी लागली असती, ती आईच्या अंगावर असतानाच टळलेली असते.

परंतु खाडीतल्या झाडांचा खरा प्रश्न चिखलाचा नव्हे, मिठाचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, आणि अशा पाण्यात बुडवून ठेवलेले कोणतेही सामान्य मूळ पाणी घेण्याऐवजी स्वतःतले पाणी गमावून बसते. कांदळ आपल्या मुळाशीच नव्वद टक्क्यांहून अधिक मीठ अडवितो, आणि त्यासाठी त्याच्या खोडातील पाण्याची ओढ इतकी जबरदस्त ठेवावी लागते, की समुद्रजलाच्या परासरणाचा सुमारे पंचवीस वातावरणांचा दाब तिने मोडून काढावा. ही ओढही शोलँडरनेच पुढे १९६५ साली मोजून दाखविली. तिवर मीठ थोडेफार आत येऊ देतो आणि पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. ऊन चढल्यावर त्याचे पान उलटून जिभेला लावले तर खारट लागते. पानांवर मिठाचे कण चमकताना नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. आणि इतकी खटपट करून मिळविलेले गोडे पाणी सहज उडून जाऊ नये म्हणून या सगळ्यांची पाने जाड, मेणचट आणि मांसल असतात. पाण्याच्या मध्यभागी उभे राहून वाळवंटी झाडाचा पोशाख घालणारी ही मंडळी पाहिली, म्हणजे ओल आणि तहान हे दोन शब्द परस्परविरोधी नाहीत हे कळते. चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्याच्या कांदळवन-वृक्षाचा मान दिला. मान चांगलाच झाला, परंतु त्याच खाड्यांवर घातलेले भराव आणि बांध पाहिले तर त्या सनदेची किंमत अजून चुकती व्हायची आहे असेच म्हणावे लागते.

आंजर्ल्याहून दापोली, खेड, मग कशेडीचा घाट आणि पोलादपूर, हा टप्पा मी थोडक्यात आटोपतो; वाटेत जांभ्या दगडाचे सडे लागतात, त्यांवर पावसाळ्यात जी वस्ती असते तिची सविस्तर हकीकत पुढे कासच्या पठारावर सांगावयाचीच आहे. पोलादपूरपासून आंबेनळीचा घाट चढू लागला की रान दाट होते आणि झाडांच्या फांद्यांवर दुसरी झाडे बसलेली दिसू लागतात. बाशिंग नावाचा नेचा येथे जागोजाग आहे. त्याला दोन तऱ्हेची पाने असतात: एक लांब, हिरवी, कापलेल्या कडांची, जी अन्न तयार करतात, आणि दुसरी आखूड, तपकिरी, कडक, जी फांदीला घट्ट चिकटून राहतात आणि वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांचा साठा करून त्यातून मुळांपुरती माती घडवितात. जमीन ज्याच्या वाट्याला आली नाही, त्याने आपले वतन आपणच रचावे असा हा प्रकार. शेजारच्या आमरी, ज्यांना इंग्रजी शिकलेले लोक ऑर्किड म्हणतात, त्यांनी ही तसदी घेतलेली नाही. त्यांची हवेत लोंबणारी मुळे मृत पेशींच्या पांढुरक्या वेष्टनाने मढविलेली असतात आणि पावसाची सर आली की ते वेष्टन क्षणात पाणी शोषून हिरवट होते. पण ही दोन्ही झाडे आठ महिने तहानलेली असतात. पावसाळा संपला की बाशिंगाची हिरवी पाने गळतात, काही आमरींचे खोड फुगीर कांड्यांत पाणी धरून पर्णहीन अवस्थेत पडून राहते, आणि पुढच्या मृगापर्यंत फांदीवर काही जिवंत आहे अशी शंकासुद्धा येऊ नये इतका सन्नाटा असतो.

घाटाच्या उतारावरचा सर्वांत मोठा जमाव कारवीचा. सात-आठ वर्षे नुसती पाने आणि काठ्या, आणि मग एका पावसाळ्याअखेर सारा डोंगर एकदम जांभळा, त्यानंतर सगळी झुडपे एकदम मृत. अशी या वनस्पतीची रीत आहे. इतक्या बिया एकाच वेळी पडल्या की त्या खाणाऱ्या किड्या-उंदरांचे पोट भरूनही पुष्कळ उरतात, असे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ देतात, आणि मला ते पटते. कारण याच तर्काचे पुरावे बांबूच्या फुलोऱ्यातही आहेत.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे सत्तर मीटर उंचीवर आहे. तेथले मूळचे रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन वृक्षांचे, त्यांच्या सोबतीला गेळा, हिरडा आणि इतर. सहा हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात उंच, गगनभेदी वृक्षांची अपेक्षा करणाऱ्या प्रवाशाची येथे निराशा होते. झाडे ठेंगणी आहेत, खोडे पिळदार आहेत, पाने आंब्याच्या पानाहून चिवट आणि चकचकीत आहेत, आणि कड्याच्या टोकाशी तर त्यांचे शेंडे एकाच दिशेला वाकून कापल्यासारखे सपाट झाले आहेत. पश्चिमेचा वारा हे एक कारण. जांभ्याच्या थराखाली मुळांना वाव नसणे हे दुसरे. आणि तिसरे, मला वाटते सर्वांत मोठे, हे की सहा हजारांपैकी जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून खाली वाहून जातो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत येथेही अवर्षणच असते. अंजनीच्या चामड्यासारख्या पानावर हे आठ महिने कोरलेले आहेत.

खाली वाईकडे, कृष्णेच्या काठी, हाच जांभूळ उंच सरळ वाढतो, त्याच्या सावलीत गाड्या सोडता येतात. आता प्रश्न असा, की वरचा जांभूळ खुजा का आहे? वाऱ्याने आणि खडकाने त्याला दाबून टाकले म्हणून, की पिढ्यान्‌पिढ्या खुजा वंशच वर टिकला म्हणून? पहिल्या पक्षी वरची बी खाली पेरली तर उंच झाड यावे. दुसऱ्या पक्षी खालीही खुजेच यावे. दोन्ही पक्षी वरचे झाड बाहेरून सारखेच दिसते, म्हणून नुसत्या निरीक्षणाने हा वाद मिटत नाही. पेरूनच पाहावे लागते. स्वीडनमध्ये गॉटे टुरेसन याने हेच केले. समुद्रकिनाऱ्यावरची आणि आतल्या मुलखातली एकाच जातीची रोपे त्याने एकाच बागेत, एकाच मातीत आणून लावली, आणि १९२२ साली असे दाखवून दिले की किनाऱ्यावरची रोपे बागेतही पुष्कळशी किनाऱ्यासारखीच राहतात. अर्थात त्यांचा आकार परिस्थितीने वरून लादलेला नसून वंशात मुरलेला आहे. कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हीझी या तिघांनी त्यापुढे जाऊन समुद्रसपाटीपासून सिएरा नेव्हाडा पर्वतापर्यंत तीन बागा केल्या: एक समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्डला, दुसरी चौदाशे मीटरवर, तिसरी तीन हजार पन्नास मीटरवर. एकाच रोपाचे तुकडे करून ते तीनही ठिकाणी लावले, म्हणजे वंशात फरक असण्याची शंकाच उरली नाही. १९४० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना थोडेथोडे देणारे होते: तेच रोप निरनिराळ्या उंचीवर निराळ्या मापाचे होते हे खरे, परंतु किनाऱ्याकडची रोपे उंचावरच्या बागेत तग धरू शकली नाहीत हेही तितकेच खरे. लवचिकपणाला हद्द असते, आणि ती हद्द वंश ठरवितो.

हे प्रयोग विद्यापीठांत होण्याच्या कित्येक शतके आधी आमच्या शेतकऱ्याने ते केलेले आहेत, फक्त त्यांचा अहवाल लिहून दफ्तरी दाखल केला नाही. कोकणातल्या खारजमिनीत, जेथे बांध फुटला की समुद्र आत येतो, तेथे राता नावाचे तांबड्या दाण्याचे भात पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण दरसाल जे रोप मिठात जगले त्याचेच बी पुढच्या वर्षी पेरणीस राहिले. निवड ती हीच. निसर्ग ती करतो तेव्हा तीत हेतू नसतो, एवढाच काय तो फरक. झाड ‘जुळवून घेते’ असे आपण सवयीने बोलतो, आणि मीही या लेखात बोललो आहे, परंतु त्या बोलण्यात झाडाच्या ठायी जी बुद्धी गृहीत धरली जाते ती वस्तुतः कोठेच नसते. जे जुळले नाही ते मेले, आणि त्याची हकीकत सांगावयास कोणी उरले नाही.

वाईहून म्हसवडला जावयाचे तर सरळ पूर्वेला वळावे. मी मात्र साताऱ्यास जाऊन यवतेश्वराच्या वाटेने पुन्हा पश्चिमेकडे कासच्या पठारावर चढलो. कास पाहिल्याखेरीज माणात उतरणे म्हणजे मधला अध्याय सोडून ग्रंथ वाचण्यासारखे झाले असते.

कासचे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. खाली बसाल्ट, वर जांभ्याचे सपाट टोपण, आणि त्यावर बोटाच्या एका-दोन पेरांइतकी माती, तीही सर्वत्र नाही. पावसाने धुऊन धुऊन या मातीतले नत्र आणि इतर पोषणद्रव्ये केव्हाच वाहून नेली आहेत. जून ते सप्टेंबर येथे चिखल, डबकी आणि धुके. ऑक्टोबर उजाडला की दगड. आणि एप्रिलमध्ये त्या दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. थोडक्यात, वर्षातून चार महिने दलदल आणि आठ महिने वाळवंट अशी ही दुहेरी हुकूमत आहे, आणि येथे मोठे झाड उगवत नाही याचे कारण एवढेच, की मोठ्या झाडाला बारा महिने एका जागी राहावे लागते. या जमिनीवर जे टिकते ते लहान, चपळ किंवा लपणारे.

लपणाऱ्यांची रीत अशी. मुसळी, चवर आणि कित्येक भूमिगत आमरी हे गड्डे-कंदवाले. त्यांनी गतवर्षीचे अन्न जमिनीखाली साठवून ठेवलेले असते, म्हणून पहिला पाऊस पडला की त्यांना पाने वाढवीत बसण्याची गरज नसते. जून-जुलैत, इतर कोणाचा पत्ता नसताना, त्यांची फुले येऊन जातात. चपळांची रीत याच्या उलट. तेरडा, कवला आणि गेंद ही वर्षायू झाडे दरसाल बियांपासून नव्याने सुरुवात करतात. त्यांना आधी वाढावे लागते, मग फुलावे लागते, म्हणून त्यांचा बहर ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात येतो. पठाराचे रंग आठवड्याआठवड्याने बदलतात असे प्रवासी कौतुकाने सांगतात. त्या बदलाचा हिशेब कोणाच्या गाठीला किती शिल्लक होती यावर चाललेला असतो, हे सांगणारा मार्गदर्शक मात्र मला भेटला नाही. डबक्यांच्या काठी वायतुरा उभा होता, सातारा परिसरातील पठारांखेरीज अन्यत्र सहसा न आढळणारा, दुभागलेल्या तुऱ्याचा. त्याचा कंद डबके आटले तरी खालच्या चिखलात आणि मग त्या चिखलाच्या पापुद्र्याखाली जिवंत राहतो.

नत्राचा प्रश्न निरनिराळ्यांनी निरनिराळा सोडविला आहे. कवला हा द्विदल कुळातला, त्याच्या मुळांवरील गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतील नत्र बांधून देतात. पण ज्यांच्या कुळात ही सोय नाही त्यांच्यापैकी काहींनी शिकार पत्करली. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात. बारीक माशी बसली की अडकते, केस हळूहळू तिच्याकडे वळतात आणि पान तिला जिरवून टाकते. डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर जो स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात या कुळाच्या एका युरोपीय जातीलाच सर्वांत अधिक पाने दिली आहेत. सीतेची आसवे हे फूल तर सर्वांनी पाहिलेले असते, निळे-जांभळे, नाजूक, ओल्या कातळावर हजारोंनी पसरलेले. परंतु त्याचे खरे चमत्कार मातीत आहेत. त्याच्या बारीक तंतूंवर मोहरीहूनही लहान फुगे असतात. फुग्यातले पाणी बाहेर काढून आत निर्वात ओढ निर्माण केलेली असते. तोंडाशी झडप आणि तिला केस. पाण्यातील एखाद्या सूक्ष्म जिवाने केसाला स्पर्श केला की झडप उघडते, पाणी जिवासकट आत ओढले जाते आणि झडप मिटते. आणि हा सगळा व्यवहार सेकंदाच्या अगदी लहान अंशात उरकतो. वनस्पती स्थितिशील आणि प्राणी गतिशील, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी कासच्या चिखलात एकदा गुडघे टेकून बसावे. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत कासही आहे, आणि तेव्हापासून येथे माणसांची जत्रा वाढली आहे. पण जत्रेतल्या बहुतेकांचे लक्ष दूरवरच्या रंगावर आणि हातातल्या कॅमेऱ्यावर असते, गुडघे टेकणारा विरळा.

कोरड्या कातळाच्या फटीत वाढणारे एक बारीक गवत या पठारावर आहे, त्याचे शास्त्रीय नाव ट्रायपोगॉन. उन्हाळ्यात ते पूर्ण वाळते. नुसते कोमेजत नाही, पाण्याचा अंश जवळजवळ नाहीसा होईपर्यंत वाळते. तरीही पाऊस पडल्यावर तीच जुनी पाने पुन्हा हिरवी होतात. बियांना ही विद्या सर्वत्र अवगत आहे. संपूर्ण झाडाने ती आत्मसात करावी हे फुलझाडांत फार क्वचित घडते.

कोरेगाव, पुसेगाव, मग दहिवडी. पुसेगाव सोडले की हिरवा रंग पातळ होत जातो आणि दहिवडीच्या पुढे तो फक्त ओढ्यांच्या काठाने उरतो. माळावर बाभूळ, हिवर, बोर. पहिल्या दोघांची पाने बारीक बारीक पर्णिकांत वाटलेली, म्हणजे ऊन लागूनही पान तापत नाही आणि वाऱ्याबरोबर उष्णता निघून जाते. तरवडाची पिवळी फुले. आणि नेपती, जिला वर्षाचा बहुतेक काळ पाने नसतातच. हिरव्या काटेरी फांद्याच पानांचे काम करतात. महाबळेश्वरच्या अंजनीने पान जाड केले, बाभळीने ते वाटून टाकले, नेपतीने ते सोडूनच दिले: एकाच खटल्यातील हे तीन निकाल आहेत.

माळावर मेंढरे होती. या दिवसांत कुसळी गवत पोटऱ्यांत येते आणि पुढे त्याची कुसळे सुटतात. मेंढपाळ म्हणाले, ‘पावनं, धोतर वर घ्या. ह्ये कुसाळ कापडात शिरलं की आत आतच जातंय.’ त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. कुसळाचा लांब केस कोरडा असताना पिळलेला असतो, ओलावा लागला की उलगडतो, वाळला की पुन्हा पिळतो. टोकाशी मागे वळलेले राठ केस असल्यामुळे बी फिरते ते पुढेच सरकते, मागे येत नाही. दिवसाची धग आणि पहाटेचे दव यांच्या आलटून पालटून होणाऱ्या या कामाने बी स्वतःला जमिनीत पेरून घेते, जेथे वणवा पोचत नाही आणि मुंगीला ते सहज सापडत नाही. मेंढराच्या कातड्याला आणि प्रवाशाच्या धोतरालाही ते जमीनच समजते.

हस्ताचा पाऊस हाताशी आला की माणातले लोक रब्बीची ज्वारी पेरतात, आणि ती पुढे थेंबही न मिळता काळ्या जमिनीत धरून ठेवलेल्या ओलीवर निघते. दुपारच्या उन्हात ज्वारीचे पान नळीसारखे गुंडाळते आणि सायंकाळी पुन्हा उलगडते. त्यावर पांढरट मेणाची लव असते. आणि आत कर्बवायू गोळा करण्याची जी व्यवस्था आहे ती भाताहून निराळी आहे, थोड्या पाण्यात अधिक काम करणारी. ही व्यवस्था हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली उसाच्या पानात उलगडून दाखविली. ज्वारी, बाजरी, मका, कुसळी गवत, सगळे त्याच पंगतीतले.

म्हसवडच्या अलीकडे बांधावर दोन निवडुंग शेजारी शेजारी होते. एक फड्या निवडुंग, मूळचा अमेरिकेचा, ज्याचे सपाट हिरवे फडे ही खोडे आहेत आणि काटे ही बदललेली पाने. दुसरा आपल्याकडचा धारेचा निवडुंग, एरंडाच्या कुळातला, कापला की पांढरा दुधट चीक गळणारा. या दोघांचे नाते नावापुरते. एकमेकांपासून महासागरभर दूर राहून, अवर्षणाच्या एकाच दाबाखाली, दोघांनी पान टाकले, खोड फुगवून पाण्याचे भांडार केले आणि काट्यांनी त्यावर पहारा बसविला. अमेरिकी निवडुंगाची आणखी एक रीत अशी, की तो दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतो आणि रात्री, हवा थंड असताना, उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतो आणि दिवसा दारे बंद करून त्याचे अन्न करतो. या आम्लाची एक जुनी नोंद हिंदुस्थानातलीच आहे. मद्रासेस कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या बेंजामिन हाइने या जर्मन वनस्पतिज्ञाने पानफुटीचे पान सकाळी चाखले तेव्हा ते आंबट लागले, दुपारी बेचव लागले आणि संध्याकाळी किंचित कडू. १८१५ साली त्याचे हे टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले.

त्याच माळावर, बोरीच्या जाळीत, मेंढपाळांनी माकडशिंगी दाखविली: चौधारी, बोटभर जाडीचे, पर्णहीन हिरवे दांडे, जे गुराखी-मेंढपाळांची पोरे मोडून कच्चेच खातात. हिची एक जवळची नातलग सह्याद्रीच्या कड्यांवर आहे, शिवनेरीच्या आणि महाबळेश्वरच्याही. तिला शिंदळ माकुडी म्हणतात आणि वनस्पतिज्ञ डॅल्झेलने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिचे नाव फ्रेरिया ठेविले. साऱ्या जगात ती महाराष्ट्राच्या काही मोजक्या कड्यांखेरीज इतरत्र मूळची नाही. माकडशिंगीच्या पंक्तीतल्या बहुतेकांनी पाने सोडून दिलेली असताना हिने ती ठेविली आहेत, पण फक्त पावसाळ्यापुरती. लांगे आणि झुबर या संशोधकांनी १९७७ साली तिची तपासणी केली, तेव्हा असे आढळले की तिची पाने आंब्या-जांभळाच्या पानांसारखी दिवसा कर्बवायू घेतात आणि तिचे मांसल खोड निवडुंगासारखे रात्री घेते. पाऊस असतो तोवर दोन्ही कारभार एकाच देहावर चालू असतात. कार्तिकात पाने गळतात आणि पुढचे आठ महिने रात्रीचा कारभार तेवढा राहतो.